पूर ओसरल्यावर अबोरिजिनल मुलांना आधार कोणी द्यायचा?

28 फेब्रुवारी 2022 च्या पहाटे ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या लिस्मोर शहरात विल्सन्स नदीचे पाणी संरक्षक बांध ओलांडून आत शिरले आणि त्या दिवशी ते 14.4 मीटरपर्यंत चढले. आधीच्या कोणत्याही नोंदलेल्या पुरापेक्षा ही पातळी सुमारे दोन मीटरने अधिक होती. लोक छपरांवर जाऊन बसले आणि त्यांतल्या पुष्कळांना शेजारपाजारच्यांनीच आपापल्या लहान होड्यांतून बाहेर काढले. हा प्रदेश बुंजालुंग या अबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी, समाजाचा आहे. बुंजालुंग संस्थांच्या मालकीचे ‘कोरी मेल’ हे 1991 पासून निघणारे अबोरिजिनल वृत्तपत्र याच शहरातून प्रसिद्ध होते. त्याच्या कचेरीतही पाणी शिरले होते. तरीही पाणी ओसरताच त्या इमारतीपाशी मदतकेंद्र उभे राहिले. तिथे शिजवलेले अन्न, कपडे आणि औषधपाणी मिळत असे, आणि ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकून घेणारे माणूसही भेटत असे. बाहेरच्या वस्त्यांकडे जाणारी सामग्रीही तिथूनच रवाना होत होती. अबोरिजिनल नसलेले लिस्मोरकरही त्या केंद्राकडे आले, आणि त्यांना कोणी परत पाठवले नाही.

आपत्तीनंतर अबोरिजिनल मुलांना आणि तरुणांना ‘त्यांच्या संस्कृतीचे भान ठेवून’ मानसिक आधार द्यायला हवा, हे आज ऑस्ट्रेलियात सर्वमान्य वाक्य झाले आहे. शासकीय कागदपत्रांत ते हमखास सापडते. प्रश्न असा की, हे भान ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे? पत्रकावर अबोरिजिनल शैलीतली ठिपक्यांची चित्रे छापणे, सभेच्या आरंभी त्या भूमीच्या मूळ धारकांचे स्मरण करणे, समुपदेशकांना एका दिवसाचे प्रशिक्षण देणे, एवढ्यावर बहुतेक वेळा त्याची बोळवण होते. माझे म्हणणे असे आहे की, याचा खरा अर्थ अधिकाराशी जोडलेला आहे. पैसा कोणाच्या हाती असेल, माणसे कोण नेमणार, मुलाला काय झाले आहे आणि त्यावर काय करायचे हे कोण ठरवणार, याची उत्तरे जोवर अबोरिजिनल समाजाच्या स्वतःच्या संस्थांकडे जात नाहीत, तोवर संस्कृतीचे भान हा निव्वळ सोपस्कार राहतो.

आपत्तीत या मुलांचे काय हरवते, ते आधी पाहू. घर, शाळा, कपडे, फोन हे सगळ्याच मुलांचे हरवते. अबोरिजिनल मुलाचे मात्र आणखी बरेच काही जाते. त्याच्या लेखी भूमी ही मालमत्ता नसते. तिच्याशी त्याचे नाते असते, तिच्याविषयी त्याची कर्तव्ये असतात, आणि त्याच्या कुळाशी जोडलेले प्राणी, पक्षी, झाडे त्याच्या आप्तांतच मोजली जातात. 2019-20 च्या उन्हाळ्यातल्या वणव्यांत 2 कोटी 40 लाख हेक्टरहून अधिक प्रदेश जळला, तीन हजारांहून अधिक घरे गेली, 33 माणसे थेट आगीत दगावली. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांतील अबोरिजिनल लोकसंख्येचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग त्या आगीच्या पट्ट्यात राहत होता, असे ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवून दिले. मोगो या लहानशा गावात तर स्थानिक अबोरिजिनल भूमी परिषदेची कचेरीच जळून गेली. विम्याच्या अर्जात घराची किंमत लिहायला रकाना असतो. ज्या ओढ्याकाठी आजीने आपल्याला कुळकथा सांगितल्या तो ओढा राखेने भरून गेला, ज्या झाडावर पूर्वजांच्या हातची खूण होती ते झाड गेले, याला रकाना नसतो. नुकसानभरपाईच्या हिशेबात जे धरलेले नाही, ते समुपदेशनाच्या खोलीतही सहसा विचारले जात नाही.

अबोरिजिनल मानसशास्त्रज्ञांनी याचा विचार अनेक वर्षांपूर्वीच नेटकेपणाने मांडून ठेवला आहे. 1989 च्या राष्ट्रीय अबोरिजिनल आरोग्य धोरणाने आरोग्याची व्याख्या एका शरीरापुरती न ठेवता संपूर्ण समाजाच्या सामाजिक, भावनिक आणि सांस्कृतिक स्वास्थ्यापर्यंत नेली. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या किम्बर्ली भागातील बार्डी समाजाच्या मानसशास्त्रज्ञ पॅट डजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वास्थ्याची सात अंगे मांडली: शरीर, मन आणि भावना, कुटुंब आणि नातीगोती, समाज, संस्कृती, भूमी, आणि पूर्वजांशी असलेले आध्यात्मिक नाते. नेहमीची मानसोपचार सेवा या सातांपैकी दुसऱ्या अंगापुरती असते. पूर किंवा वणवा मात्र एकाच रात्रीत सातही अंगांवर घाला घालतो. सहा अंगांकडे पाठ फिरवून एकावर उपचार करत राहिलो, तर मुलगा बरा होत नाही, आणि तो बरा होत नाही याचा दोष शेवटी त्याच्याच माथी येतो.

दुसरी गोष्ट इतिहासाची आहे. मदत घेऊन येणाऱ्या माणसाला अबोरिजिनल घरातले मूल कोणत्या नजरेने पाहते, हे समजल्याशिवाय आपत्तीनंतरच्या मदतीचा विचारच करता येत नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या सात दशकांत सरकारी अधिकाऱ्यांनी, पोलिसांनी आणि धर्मसंस्थांनी अबोरिजिनल मुलांना आईबापांपासून तोडून नेले, आणि तेही त्यांच्या ‘कल्याणासाठी’. 1997 च्या राष्ट्रीय चौकशीने ते उघड मांडले आणि 13 फेब्रुवारी 2008 रोजी पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली. तरीही आज देशातल्या एकूण मुलांत जेमतेम सहा टक्के असलेली अबोरिजिनल मुले कुटुंबाबाहेर सरकारी देखरेखीत वाढणाऱ्या मुलांत चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. अशा घरातली आई निवारा केंद्रात वही घेऊन आलेल्या बाईला ‘मुलगा रात्री झोपत नाही, ओरडत उठतो’ हे मोकळेपणाने सांगेल का? ती म्हणेल, सगळे ठीक आहे. वहीत तशी नोंद होईल आणि अहवालात लिहिले जाईल की अबोरिजिनल कुटुंबांनी सेवेचा लाभ घेतला नाही.

गणवेशाचेही तसेच. ऑस्ट्रेलियात मोठ्या आपत्तीत सैन्य मदतीला येते आणि बहुतेक नागरिकांना त्याचा दिलासा वाटतो. देशाच्या उत्तरेकडील नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशातल्या अबोरिजिनल वस्त्यांत मात्र 2007 साली केंद्र सरकारने बालसंरक्षणाच्या नावाखाली जो ‘हस्तक्षेप’ केला, त्याच्या पहिल्या दिवसांत लष्करी गाड्या वस्तीत शिरल्या होत्या. तेव्हा लहान असलेली मुले आज स्वतः आईबाप आहेत.

2023 च्या मार्चमध्ये त्याच प्रदेशातल्या काल्कारिंजी, डागारागू आणि पिजन होल या वस्त्या पुराखाली गेल्या. तिथल्या सातशेच्या आसपास लोकांना विमानांनी डार्विनच्या बाहेर असलेल्या हॉवर्ड स्प्रिंग्ज येथे, कोविडच्या काळात विलगीकरणासाठी वापरलेल्या संकुलात हलवण्यात आले. या वस्त्यांतले गुरिंजी लोक कोण, हे लक्षात घ्यायला हवे. 1966 मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी यांच्या नेतृत्वाखाली वेव्ह हिल येथील गुरांच्या मळ्यावरचे काम सोडून ज्यांनी आपल्या भूमीसाठी वर्षानुवर्षे ठिय्या दिला, आणि 1975 मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम यांनी ज्यांच्या नेत्याच्या हातात मूठभर माती ओतून जमीन परत केली, ते हे लोक. त्यांची नातवंडे-पतवंडे शेकडो किलोमीटर दूर, परक्या समाजाच्या भूमीवर, एकसारख्या खोल्यांच्या रांगांमध्ये राहिली. जीव वाचवण्यासाठी हलवणे भागच होते, यात वाद नाही. परंतु तिथे राहणाऱ्या किशोरवयीन मुलाला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न असतो तो ‘आम्ही घरी कधी जाणार?’ हा. त्याचे ठोस उत्तर, तारखेसह, रोजच्या रोज मिळत राहणे हा त्याच्यासाठी उपचाराचा भाग आहे. कोणताही समुपदेशक ते उत्तर देऊ शकत नाही. ते देणे प्रशासनाच्या हाती असते.

आता खोलीत काय घडते ते पाहू. समजा, पंधरा वर्षांच्या मुलाला शाळेने समुपदेशकाकडे पाठवले. समोर अनोळखी बाई, हातात प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा निराश वाटले: कधीच नाही, काही दिवस, अर्ध्याहून अधिक दिवस? मुलगा मान खाली घालून बसतो. मोठ्या माणसाच्या डोळ्यांत थेट पाहणे अनेक अबोरिजिनल घरांत उद्धटपणाचे समजले जाते, हे त्या बाईंना ठाऊक नाही. एकामागून एक थेट प्रश्न विचारणे ही तिथे संवादाची रीत नाही. आधी तू कोणाचा, तुझी भूमी कोणती, तुझी आजी कोण, हे बोलणे होते, मग बराच वेळ शांतता असते, आणि त्या शांततेतून हळूहळू मूळ विषय निघतो. मृताचे नाव उच्चारायचे नाही असा दंडक अनेक समाजांत आहे आणि समोरचा कागद तर ‘कोण वारले, त्यांचे नाव’ असे विचारतो. पाऊण तासानंतर नोंद होते: प्रतिसाद नाही, सहकार्य नाही. पुढच्या भेटीला मुलगा येत नाही आणि फाइल बंद होते.

या तुटीवर उत्तरे नाहीत असे नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील न्यामाल समाजाच्या मानसशास्त्रज्ञ ट्रेसी वेस्टरमन यांनी अबोरिजिनल तरुणांसाठी वेगळी लक्षणसूची तयार केली, कारण गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या सूचीने या मुलांचे दुःख मोजताच येत नव्हते. डेली नदीकाठच्या नाउइयू येथील मिरियम-रोझ उंगुनमेर-बाउमन यांनी ‘दादिरी’ म्हणजे खोल, शांत ऐकण्याची आपल्या समाजाची रीत साऱ्या देशापुढे ठेवली आणि 2021 मध्ये त्यांना वर्षातील ज्येष्ठ ऑस्ट्रेलियन हा सन्मान मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये अबोरिजिनल समाजाची जाहीर माफी मागितली, त्यात चुकीच्या कसोट्या लावल्याबद्दलचीही माफी होती. तेव्हा ज्ञान आहे आणि चुकीची कबुलीही आहे. आपत्तीच्या वेळी मात्र घाईघाईत जी व्यवस्था उभी राहते, तिच्यात यांतले फारसे काही उतरत नाही, कारण ती उभारणारी माणसे राजधानीतून येतात.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो प्रामाणिक आहे. सिद्ध झालेले उपचार बाजूला सारून परंपरेच्या नावाखाली मुलांना वाऱ्यावर सोडायचे काय? याचे उत्तर असे की, आपत्तीनंतरच्या पहिल्या आठवड्यांविषयी विज्ञानाचे म्हणणे परंपरेच्या बरेच जवळ जाते. संकटातून नुकत्याच वाचलेल्या माणसाला एका बैठकीत सगळा प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर चालत होती. तिने पुढचा आजार टळत नाही, उलट काहींना अपाय होण्याचा संभव असतो, असे तपासण्यांतून दिसल्यावर ती मागे पडली. 2007 मध्ये मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हॉबफॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध पुराव्यांवरून आपत्तीनंतरच्या आधाराची पाच सूत्रे सांगितली: सुरक्षितता, शांत होणे, आपण आणि आपला समाज काही करू शकतो हा विश्वास, माणसांशी जोडलेले राहणे, आणि आशा. शेकोटीभोवती आजोबा, काका, आते-मामेभावंडे बसली आहेत, मुलाच्या हाती काम दिले आहे, जळालेल्या भूमीवर पहिली हिरवी पालवी कुठे फुटली ते पाहायला थोरांबरोबर जायचे आहे. या एका दृश्यात ती पाचही सूत्रे आहेत. आपल्या पूर्वजांच्या रीतीने, योग्य ऋतूत, थंड आणि संथ आग लावून रान राखणे शिकणारा तरुण वणव्याच्या भीतीवर ज्या प्रकारे मात करतो, ते खोलीत बसून साधणे अवघड आहे. अशा शिबिरांवर, भूमिरक्षकांच्या पथकांत तरुणांना काम देण्यावर होणारा खर्च आरोग्याच्या खात्यात धरला पाहिजे. आज तो पर्यावरण किंवा रोजगार खात्याच्या मर्जीवर अवलंबून असतो आणि म्हणून पहिली कात्री त्यालाच लागते.

वणव्यांनंतर नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने ऑक्टोबर 2020 च्या अहवालात पारंपरिक भूमी आणि अग्नी व्यवस्थापनावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु रान कसे जाळावे हे ज्यांना विचारले जाते, त्यांना आपल्या मुलांना कसे सावरावे हेही कळते, एवढा विश्वास अजून व्यवस्थेत आलेला दिसत नाही.

परंपरेचे गोडवे गाऊन विषय संपत नाही, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. किम्बर्लीतील 13 अबोरिजिनल मुले आणि तरुण यांच्या मृत्यूंची चौकशी करून तिथल्या न्यायाधिकाऱ्यांनी फेब्रुवारी 2019 मध्ये जो अहवाल दिला, त्यात पिढ्यानपिढ्या साचत आलेल्या आघाताकडे स्पष्ट बोट दाखवले होते. त्यानंतर चार वर्षांनी, जानेवारी 2023 मध्ये, त्याच किम्बर्लीत फिट्झरॉय नदी 15.8 मीटरपर्यंत चढली, फिट्झरॉय क्रॉसिंग गावाचा पूल मोडला, आसपासच्या वस्त्यांतली घरे राहण्याजोगी उरली नाहीत आणि कुटुंबे डर्बी, ब्रूम अशा दूरच्या गावांत विखुरली. नवा पूल त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये खुला झाला. पूल पडल्यामुळे कित्येक कुटुंबांतले नातलग नदीच्या दोन तीरांवर अडकले आणि पलीकडे जायला तराफ्याची वाट पाहू लागले. नात्यांच्या आधारावर जगणाऱ्या समाजात हा केवळ दळणवळणाचा प्रश्न नसतो. आधीच शोकात असलेल्या तरुणांवर हा घाव बसला. त्यांच्यापैकी काहींना औषधे लागतील, मानसोपचारतज्ज्ञ लागतील, रुग्णालयही लागेल. ते त्यांना शहरातल्या मुलाइतक्याच तत्परतेने मिळाले पाहिजे. माझा आग्रह एवढाच की, तज्ज्ञाने समाजाच्या संस्थेच्या बोलावण्यावरून यावे, तिच्या छताखाली काम करावे आणि परत गेल्यावरही मुलाचा हात धरणारे माणूस तिथे पगारावर असावे.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. लहान गावात समाजाच्या दवाखान्यातली कर्मचारी मुलाची मावशी किंवा चुलत बहीण असू शकते. एखाद्या मुलीला नेमके घरातलेच काही सांगायचे असेल, किंवा एखाद्या मुलाला आपल्या लैंगिकतेविषयी बोलायचे असेल, तर त्याला परका माणूसच हवा असतो. म्हणून अबोरिजिनल तरुणांसाठी एकच दार ठेवणे चूक आहे. मार्च 2022 मध्ये सुरू झालेली ‘थर्टीन यार्न’ ही अबोरिजिनल माणसांनीच चालवलेली चोवीस तासांची दूरध्वनी सेवा या दृष्टीने मोलाची आहे: ऐकणारा आपल्यातला असतो, पण आपल्या गल्लीतला नसतो. पुरात मनोरे कोसळून फोनच बंद पडतात तेव्हा तिचा उपयोग होत नाही, हीदेखील वस्तुस्थिती आहे. शिवाय सगळे अबोरिजिनल तरुण दूरच्या वस्त्यांत राहतात असेही नाही. पुष्कळ जण सिडनीसारख्या शहरांच्या उपनगरांत वाढले आहेत, काहींच्या आजीआजोबांनाच लहानपणी पळवून नेल्यामुळे आपली भूमी कोणती हेही त्यांना माहीत नाही. त्यांच्यासमोर संस्कृतीचा साचेबंद नमुना ठेवला, तर तो त्यांच्यावर आणखी एक अन्याय ठरेल. कोणाला काय हवे हे त्या तरुणांनीच सांगायचे आहे, आणि आपत्तीच्या नियोजनाच्या बैठकीत ते सांगायला त्यांना जागा हवी.

या प्रश्नाशी मराठी माणसाचाही एक थेट संबंध आहे. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ऑस्ट्रेलियात साधारणपणे दहा वर्षे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागांतच सार्वजनिक विम्याखाली रुग्ण पाहता येतात. त्यामुळे भारतातून गेलेले डॉक्टर, त्यांत आपलेही, अशाच आडगावांत काम करतात जिथे अबोरिजिनल कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. पूर आला की पहिल्या दिवशी दवाखान्यात तेच असतात. त्यांनी रुजू होताच स्थानिक अबोरिजिनल आरोग्य संस्थेत जाऊन ओळख करून घ्यावी, तिथल्या थोरांना भेटावे आणि मुलांना कोणाकडे पाठवायचे हे कोरड्या दिवसांतच विचारून ठेवावे. आपणही त्या भूमीवर उशिरा आलेले पाहुणे आहोत.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि माझ्या मते सगळे तिथेच अडते. 1971 मध्ये सिडनीच्या रेडफर्नमध्ये पहिली अबोरिजिनल वैद्यकीय सेवा सुरू झाली, तेव्हापासून समाजाने स्वतः चालवलेल्या अशा संस्थांचे जाळे देशभर उभे आहे. जुलै 2020 च्या राष्ट्रीय करारात सर्व सरकारांनी या संस्था बळकट करण्याचे वचन लेखी दिले. ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात अबोरिजिनल समाजाला संसदेपुढे स्वतःचा आवाज देणारी घटनादुरुस्ती नाकारली गेली, पण त्यामुळे तो करार रद्द झालेला नाही. त्याची अंमलबजावणी आपत्तीच्या क्षेत्रात कशी होईल, हे अगदी साधे आहे. या संस्थांना आपत्तीपूर्वीच कायमस्वरूपी निधी, वाहने, जनरेटर आणि प्रशिक्षित तरुण कर्मचारी द्यावेत. निवारा केंद्र उघडताच तिथला मानसिक आधार त्यांच्याकडे सोपवला जाईल असे आपत्ती-आराखड्यात नावानिशी लिहावे. आणि निधीची मुदत वर्षभराची न ठेवता निदान पाच वर्षांची ठेवावी. घर पुन्हा बांधून मिळायला, किंवा मूळ जागी परतायचे की नाही हे ठरायलाच कित्येक वर्षे लागतात. रिचमंड नदीतल्या कॅबेज ट्री आयलंडवरून 2022 च्या पुरात बाहेर पडलेल्या अबोरिजिनल कुटुंबांच्या वाट्याला हेच आले. त्या पुराच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल पाच वर्षांनी ऐन किशोरवयात असते. त्या वयात पावसाची सर आली की छातीत धडधडू लागले, तर ज्याच्याकडे जायचे तो माणूस पहिल्या दिवसापासून ओळखीचा असला पाहिजे आणि त्याची नोकरी तोवर टिकलेली असली पाहिजे.